‘दिसले’ म्हणण्याआधी

घरी दुर्बीण बनवली आहे असे सांगितले की माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात. खर्च किती आला? आणि किती लांबचे दिसते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पहिल्या दुर्बिणीला सातशे रुपयांच्या आत, आणि आज अंगणात उभी आहे तिला चार वर्षांत थोडे थोडे करून बारा हजारांच्या आसपास. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही एवढेच म्हणतो, की लांबचे तर नुसत्या डोळ्यांनाही दिसते. चंद्र आपल्यापासून सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे आणि तो पाहायला कुणी दुर्बीण मागत नाही.

खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो आमच्या अम्मींनी विचारला. दुर्बिणीतून जे दिसते, ते किती वेळ दिसते? पाहणाऱ्याने नीट पाहून खात्रीने ‘होय, मी पाहिले’ म्हणावे, इतका वेळ ते थांबते का? चार वर्षे आम्ही जी ठोकाठोक केली ती बहुतेक या एका प्रश्नापायी. भिंगापेक्षा ते भिंग ज्यावर बसते त्या बैठकीवर आमची मेहनत जास्त गेली, त्याचे कारणही हेच.

आम्ही म्हणजे चिपळूणजवळच्या एका गावातले घर. आमच्यापैकी एक जण उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. भाषांचे, त्यामुळे विज्ञानाचा तास कधी वाट्याला आला नाही. धाकट्या भावाचे गेट आणि ग्रिल बनवायचे वर्कशॉप आहे. मुलगी तेव्हा सहावीत होती. मुलीच्या आईकडे हिशेबाची वही, आणि अम्मी सत्तरी ओलांडलेल्या. दुर्बीण या सगळ्यांची आहे, म्हणून या लेखात ‘मी’ येणार नाही.

चष्म्याचे भिंग, घड्याळजीचे भिंग

2020 साली शाळा बंद होत्या. मुले मोबाईलवर शिकत होती आणि संध्याकाळी गच्चीवर येऊन बसत होती. त्या काळात आम्ही चष्म्याच्या दुकानातून अधिक एक नंबरचे, फ्रेमसाठी न कापलेले गोल भिंग आणले. चष्म्याच्या नंबरात एक साधे गणित असते. नंबर अधिक एक असेल तर ते भिंग लांबच्या वस्तूची प्रतिमा एक मीटरवर पाडते. अधिक दोन असेल तर अर्ध्या मीटरवर. अम्मींचा वाचायचा चष्मा घेऊन मुलीने खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरच्या माडाची उलटी प्रतिमा पाडली, तेव्हा दुर्बिणीचे निम्मे शास्त्र घरातल्या सगळ्यांना कळले.

दुसरे भिंग घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते, दहा पट मोठे दाखवणारे. त्याचे नाभीय अंतर 25 मिलिमीटर. पुढच्या भिंगाचे 1000 मिलिमीटर, भागिले 25, म्हणजे 40 पट. दोन्ही भिंगे एका पीव्हीसी पाइपच्या दोन टोकांना बसवली. मागचे भिंग पुढे-मागे सरकावे म्हणून एका पाइपात दुसरा बारीक पाइप घातला. पाइपच्या आतल्या चकचकीत भिंतीवरून उजेड उसळू नये म्हणून आत काळा रंग हवा होता. शाळेच्या फळ्यासाठी आणलेल्या रंगाचा अर्धा डबा कपाटात होता, तो कामी आला. फळ्याचा रंग चकाकत नाही, हे शिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

एवढे करून चंद्राकडे पाहिले तर चंद्राच्या कडेला जांभळी झालर. काच निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळे सगळे रंग एका जागी येत नाहीत. त्यावरचा जुना उपाय म्हणजे भिंगाचा फक्त मधला भाग वापरणे. गॅलिलिओनेही आपल्या भिंगाची कडा अशीच झाकली होती. आम्ही पुठ्ठ्याची चकती कापून मध्ये 25 मिलिमीटरचे भोक ठेवले. उजेड कमी झाला, पण चंद्रावरचे खड्डे स्वच्छ उमटले.

21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या इतके जवळ आले होते, की मधले अंतर चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढेच होते. मगरिबनंतर नैर्ऋत्येला दोघेही आमच्या सातशे रुपयांच्या पाइपात एकदम आले. गुरूशेजारी बारीक ठिपके दिसले. शनी मात्र लांबट दाण्यासारखा. 1610 मध्ये गॅलिलिओलाही शनीचे कडे कडे म्हणून ओळखता आले नव्हते. ते कडे आहे हे ह्युगेन्सने 1659 मध्ये छापून सांगितले. तेव्हा आमची काही तक्रार नव्हती.

त्याच रात्री अम्मी दुर्बिणीपासून बाजूला होत म्हणाल्या, "दिसतं खरं. पण नीट बघावं म्हटलं की निघून जातं."

आकाश थांबत नाही

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपण चौथी-पाचवीत पाठ करतो. दुर्बिणीला डोळा लावला की ते फिरणे दिसते. आकाश तासाला सुमारे 15 अंश सरकते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. चंद्राची रुंदी अर्धा अंश, म्हणजे दर दोन मिनिटांनी चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. उघड्या डोळ्यांना हे जाणवत नाही. पण दुर्बीण वस्तू जितकी मोठी करते तितकेच तिचे सरकणेही मोठे करते. आता आमच्याकडे 90 पट दाखवणारे आयपीस आहे. त्यातून दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम अर्ध्या अंशाचा. या टोकाला आलेला तारा सव्वादोन मिनिटांत त्या टोकाने बाहेर पडतो.

पहिली बैठक लाकडाची होती. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणने काय सोसले ते वाचकांना ठाऊक आहे. भावाच्या वर्कशॉपमध्ये छातीएवढे पाणी होते. चिखल उपसताना लाकडी बैठक सापडली ती फुगून फाटलेली, आणि शेजारी नळजोडणीचे लोखंडी टी, एल्बो आणि पाइपचे तुकडे. त्याच गंजलेल्या तुकड्यांची दुसरी बैठक झाली. टीच्या आट्यांना ग्रीस लावले की तोच सांधा वळतो. एक सांधा आडवा फिरण्यासाठी, एक वरखाली करण्यासाठी. मजबूत होती. पण आकाश सरळ आडवेही सरकत नाही आणि सरळ वरही जात नाही, ते तिरपे जाते. त्यामुळे दर मिनिटाला दोन्ही सांधे थोडे थोडे हलवावे लागत, आणि हात लागला की प्रतिमा थरथरे.

डिसेंबर 2022 मध्ये ही दुर्बीण शाळेच्या मैदानावर नेली. सहावी-सातवीची चौतीस मुले रांगेत. गुरू उंच आला होता. एकेक मूल येई, डोळा लावी, "दिसलं सर!" म्हणे आणि पुढे जाई. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला त्यांना सांगितले, काल पाहिले ते काढा आणि चार ओळी लिहा. वह्या घरी आल्या तेव्हा आम्ही सगळे चटईवर बसून त्या पाहत होतो. बऱ्याच मुलांनी गुरूभोवती चार चंद्र चार दिशांना काढले होते, घराच्या चार कोपऱ्यांवर चार दिवे लावावेत तसे. गुरूचे ते चार मोठे चंद्र दुर्बिणीतून तसे कधीच दिसत नाहीत. ते जवळजवळ एका रेषेत असतात, कारण त्यांच्या कक्षा आपल्याला कडेने दिसतात. मुलांनी आकाश काढले नव्हते, मनातले चित्र काढले होते.

ही लबाडी नव्हती, अदब होती. मोठ्या माणसांनी एवढी खटपट केली, मागे तीस जण उभे आहेत, आणि आपला डोळा जागेवर येईपर्यंत गुरू निघून गेला. तर ‘नाही दिसलं’ कसे म्हणायचे? मूल ‘दिसलं’ म्हणते आणि पुढच्याला जागा करून देते.

अम्मींना यात फार ओळखीचे काही सापडले. त्यांच्या माहेरी शाबानच्या 29 तारखेला मगरिबनंतर सगळे टेकडीवर जमत. कुणी "दिसला!" म्हणून ओरडले की त्यांचे वडील त्याला बाजूला घेत आणि विचारत: कुठे दिसला? कुठल्या झाडाच्या किती वर? शिंगे कुठल्या बाजूला होती? चंद्रकोरीची शिंगे नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असतात. आपल्याकडे मावळतीची पहिली कोर होडीसारखी, शिंगे वर करून असते. ज्याने खरोखर पाहिली त्याला हे सांगता येई. ज्याने इतरांच्या आनंदात पाहिली तो गडबडे. "अब्बा रागवत नसत," अम्मी म्हणाल्या. "म्हणत, ‘गवाही म्हणजे पाहिलं तेवढंच. नाही दिसलं तर नाही म्हण, त्यात लाज कसली?’"

त्या रात्री दोन गोष्टी ठरल्या. मुलांना ‘दिसलं का’ असे विचारायचे नाही, ‘काय दिसलं’ असे विचारायचे. आणि दुसरी, मुलांना दोष देण्याआधी बैठक सुधारायची. गुरू जर रांगेतल्या शेवटच्या मुलासाठीही जागेवर थांबला, तर खोटे ‘दिसलं’ म्हणायची वेळच येणार नाही.

तिरपा आस

अशी बैठक असते. तिला इक्वेटोरियल माउंट, मराठीत विषुववृत्तीय बैठक म्हणतात. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. सगळे आकाश ज्या एका आसाभोवती फिरताना दिसते तो पृथ्वीचा आस. दुर्बिणीच्या बैठकीचा एक दांडा त्या आसाला समांतर ठेवला, तर फक्त तो एकच दांडा हळूहळू फिरवला की पुरते. वरखाली काही करावे लागत नाही. एकदा पकडलेला तारा पकडलेला राहतो.

दांडा किती तिरपा ठेवायचा? आपल्या गावाचा अक्षांश असेल तितका. चिपळूणचा साडेसतरा अंश. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची उतरती भिंत 27 अंशांच्या कोनात आहे, कारण जयपूरचा अक्षांश तितका. सवाई जयसिंहांनी ही यंत्रे उभारली आणि त्या काळच्या तारका-कोष्टकांचा फारसी ग्रंथ मुघल बादशहा मुहम्मद शाहच्या नावे केला, ‘झीज-ए-मुहम्मदशाही’. दुर्बिणीखालच्या आमच्या दांड्यात आणि त्या भिंतीत तत्त्व एकच आहे.

दुर्बिणीसाठी अशी बैठक घडवण्यात फ्राउनहोफर या जर्मन कारागिराचे नाव मोठे. लहानपणी पोरका झाला, काचेच्या कारखान्यात उमेदवारी करताना 1801 मध्ये इमारत कोसळून ढिगाऱ्याखाली सापडला आणि वाचला. पुढे 1824 मध्ये आजच्या एस्टोनियातल्या डोरपाट वेधशाळेसाठी त्याने 24 सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण बनवली. ती घड्याळाच्या यंत्रावर आपोआप ताऱ्यामागे फिरत असे. दोन वर्षांनी, 39 व्या वर्षी तो वारला. आज जगभर हौशी लोक वापरतात ती बैठक बहुतेक त्याच्याच घडणीची.

भावाने त्रिकोणमिती शाळेतच सोडली होती, पण जिन्याचा चढ काढणे त्याचे रोजचे काम. 40 सेंटिमीटर पायाला 12.6 सेंटिमीटर चढ दिला की साडेसतरा अंश होतात. लोखंडी पट्टीचा तसा त्रिकोण वेल्ड केला. त्यावर 25 मिलिमीटरचा गुळगुळीत दांडा, 6205 नंबरच्या दोन बेअरिंगमध्ये. ही बेअरिंगे कुठल्याही मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतात. या दांड्याच्या वरच्या टोकाला काटकोनात दुसरा दांडा. त्याच्या एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाला तोल सांभाळायला तराजूचे पाच किलोचे वजन. तोल इतका हवा की सांधे मोकळे सोडले तरी दुर्बीण सोडली तिथेच उभी राहिली पाहिजे.

इथे एक अडचण आली जी पुस्तकांतल्या चित्रांत नसते. ती चित्रे युरोप-अमेरिकेतली, तिथे आस चाळीस-पन्नास अंश उभा असतो. आपल्याकडे तो जवळजवळ आडवा. त्यामुळे तोलाचे वजन फिरताना खांबावरच आदळते. भावाने बेअरिंगांची चौकट उत्तरेकडे वीतभर पुढे काढली, तेव्हा वजनाला फिरायला मोकळी जागा झाली.

उत्तर कुठे आहे?

दांडा तिरपा झाला, पण तो नेमका उत्तरेकडे रोखलेला हवा. ध्रुवतारा पाहून हे करतात. मात्र आपल्या भागात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेसतरा अंशच वर असतो, आणि आमच्या अंगणातून तिथे डोंगर आणि माडांच्या झावळ्या. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ नेले की सुई भलतीकडे वळते.

उत्तर सापडले ते मदरशात शिकवल्या जाणाऱ्या फिक्हच्या किताबांत. जवालची वेळ ओळखण्यासाठी तिथे ‘दायरा-ए-हिंदिया’ सांगितला आहे, म्हणजे हिंदी वर्तुळ. सपाट जमिनीवर वर्तुळ काढायचे, मध्यभागी काठी उभी करायची. सकाळी काठीची लांब सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरते, तिथे खूण करायची. दुपारी ती वाढत वाढत बाहेर पडते, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून काठीपर्यंत रेघ ओढली की ती दक्षिणोत्तर. हीच रीत संस्कृत ज्योतिषग्रंथांत शंकू उभारून सांगितली आहे. हिंदुस्थानची रीत अरबीत गेली, मुसलमानांनी नमाजेच्या वेळेसाठी ती जपली आणि नावात हिंदचा मान ठेवला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला याहून गोड धडा कुठला मिळणार?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्याचे उत्तर-दक्षिण सरकणे जवळजवळ थांबलेले असते, म्हणून चूक कमी होते. 30 सेंटिमीटरची सळई ओळंब्याने उभी केली, 40 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ खडूने काढले. सावली सकाळी सव्वादहाच्या सुमारास आत आली, दुपारी तीनला पाच कमी असताना बाहेर पडली. मधली वेळ 12 वाजून 36 मिनिटे. मुलीला वाटत होते की सूर्य बाराला माथ्यावर येतो. आपले घड्याळ चालते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, आपण राहतो साडेत्र्याहत्तरवर. नऊ अंशांची छत्तीस मिनिटे. रेघ पक्की करायला सिमेंटमध्ये पितळी पट्टी बसवली. मस्जिदीतले दोन बुजुर्ग ती पाहायला आले आणि तिच्यावरून किब्ल्याचा हिशेब करत बसले. आपल्याकडे किब्ला नेमका पश्चिमेला नसून पश्चिमेपासून सुमारे बारा-तेरा अंश उत्तरेकडे आहे.

बाकीची बारीक चूक ताऱ्यांनीच दाखवली. दक्षिणोत्तर रेषेजवळचा तारा दुर्बिणीत धरून ठेवायचा. काही वेळाने तो दक्षिणेकडे घसरू लागला तर दांडा पूर्वेकडे वळलेला आहे, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेकडे. दोन-तीन मिलिमीटरच्या अशा सरकवण्यात चार रात्री गेल्या.

मिनिटाला एक फेरा

दांडा फिरवायचा कसा? मोटर लावता आली असती. त्याऐवजी आम्ही बाजारात मिळणारी 8 मिलिमीटर जाडीची आटेदार सळई घेतली. तिचा आटा सव्वा मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका फेऱ्यात ती सव्वा मिलिमीटर पुढे सरकते. मुलीने गणित मांडले: दांड्याला 286 मिलिमीटर लांब हात जोडला आणि त्याचे टोक या सळईने ढकलले, तर मिनिटाला बरोबर एक फेरा दिला की दुर्बीण आकाशाच्या वेगाने चालते. पृथ्वीचा ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरा 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांचा, तो धरून. चाळीस मिनिटांनी सळई मागे घेऊन पुन्हा सुरुवात करायची. मूठ फिरवताना धक्का बसू नये म्हणून मोटारसायकलच्या स्पीडोमीटरची जुनी केबल मध्ये घातली.

थरथर मोजायची सोपी पद्धत आहे. नळीवर टिचकी मारायची आणि प्रतिमा शांत होईपर्यंत आकडे मोजायचे. आधी सातपर्यंत मोजावे लागे. खांबाच्या पोकळ पाइपात कोरडी वाळू भरली, तेव्हा दोनच्या आत आले.

याच सुमाराला भिंगही बदलले. अंबाल्यात शाळांचे प्रयोगसाहित्य बनते, तिकडून 80 मिलिमीटर रुंदीचे, 900 मिलिमीटर नाभीय अंतराचे जोडभिंग मागवले. त्यात क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा असतात. एकीने पसरवलेले रंग दुसरी जवळ आणते. इंग्लंडमध्ये 1758 साली या जोडभिंगाचे पेटंट घेणारा जॉन डॉलंड मूळचा रेशीम विणकर. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. जोडभिंग बसवताना स्क्रू आवळून चालत नाहीत. घट्ट आवळले की तारा गोल न दिसता तिकोनी दिसतो. किंचित सैल सोडायचे, कानाजवळ हलवले तर अगदी हलकी खुळखुळ यावी इतके.

तीन चंद्र

डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा शाळेचे मैदान. या वेळी रांगेच्या शेजारी एक स्टूल, स्टुलावर घड्याळ घेतलेले एक मूल. त्याचे काम मिनिटाला एक फेरा देण्याचे. दर दहा मिनिटांनी मूल बदलायचे. या कामासाठी मुले भांडली. आकाशाबरोबर आपण चालतो आहोत, हे त्यांना पाहण्याइतकेच आवडले.

नियम दोन. डोळा लावायचा, घाई करायची नाही. आणि बाजूला झाल्यावर कुणाशी न बोलता वहीत काढायचे.

आधी शनी पाहिला. त्या वर्षी शनीचे कडे आपल्याकडे जवळजवळ कडेने वळले होते, त्यामुळे ते गोळ्यात खुपसलेल्या सुईसारखे दिसत होते. पुस्तकातल्या रुंद कड्याचे चित्र या खेपेला फक्त दोघांनी काढले. बाकीच्यांनी सुई काढली. एकाने खाली लिहिले, "पुस्तकात आहे तसं नाही."

मग गुरू. तो वृषभ राशीत, रोहिणीच्या शेजारी होता. रोहिणीला इंग्रजी नकाशात आल्डेबरान म्हणतात आणि ते नाव अरबी ‘अद्-दबरान’वरून आले, म्हणजे मागून येणारा, कारण हा तारा कृत्तिकांच्या मागून उगवतो. अल्टेअर, रायजेल, डेनेब ही नावेही अरबीच. इसवी सन 964 मध्ये अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ताऱ्यांवरचा ग्रंथ लिहिला आणि देवयानी तारकासमूहातल्या अंधुक ढगाची नोंद केली. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. ढग दिसला, तर त्यांनी ढग लिहिला. तो ढग म्हणजे लाखो प्रकाशवर्षे दूरची दुसरी दीर्घिका, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

सहावीतली एक मुलगी गुरू पाहून बाजूला झाली आणि तिने तीन चंद्र काढले. दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, एका रेषेत. शेजारच्या मुलांनी वही पाहिली. "चार असतात. पुस्तकात चार आहेत." काहींनी स्वतःच्या वहीत चौथा ठिपका घातलाही. तिने पुन्हा रांग धरली, पुन्हा पाहिले. गुरू जागेवरच होता, तिला घाई नव्हती. "सर, तीनच आहेत," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता, पण वही बदलली नाही.

आम्हीही पाहिले. तीनच होते. गुरूच्या चार चंद्रांपैकी एखादा कधी गुरूच्या मागे असतो, कधी पुढे, कधी त्याच्या सावलीत. तेव्हा तो दिसत नाही. आयो हा सर्वांत आतला चंद्र तर पावणेदोन दिवसांतच गुरूला फेरी घालतो. मुलांना काही सांगितले नाही, फक्त स्टुलावरच्या मुलाला फेरे देत राहायला सांगितले. इशा झाली, बरीच मुले घरी गेली. जी राहिली त्यांनी तासाभराने गुरूच्या कडेला एक पुळी उठलेली पाहिली. थोड्या वेळाने ती सुटी झाली आणि चौथा चंद्र झाला. त्या मुलीने आधीचे चित्र खोडले नाही. खाली नवे काढले आणि दोन्हीपुढे वेळ लिहिली.

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा अम्मींनी पहिल्यांदा विचारले ते तिच्या घरच्यांविषयी. "तिच्या आईला कुणीतरी सांगा," म्हणाल्या, "पोरीनं चौघांसमोर खरं धरून ठेवलं."

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी

आधी सगळ्यांत महत्त्वाचे. दुर्बीण, साधी असो की महाग, सूर्याकडे कधीही, क्षणभरही रोखू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. चंद्रकोर पाहायची असेल तर सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय झाकण काढू नका. दुर्बिणीने पाहिलेला चांद धरायचा की नाही, हा उलेमांचा विषय आहे, आम्ही त्यात बोलत नाही. आमच्या अंगणात दुर्बीण फक्त कोर कुठे आहे हे दाखवते. मग सगळे उघड्या डोळ्यांनी तिथे शोधतात.

सुरुवात अधिक एक नंबरच्या भिंगाने करा. ते बिघडले तरी दुःख नाही. महाग भिंग आणि डुगडुगती बैठक घेण्यापेक्षा साधे भिंग आणि भक्कम बैठक घ्या. कोकणात राहत असाल तर दोन शत्रू ध्यानात ठेवा. हिवाळ्यात भिंगावर दव धरते. नळीच्या तोंडापुढे वीतभर लांब टोपण चढवले की ते लांबते. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते आणि ती काच खाते. जून ते ऑक्टोबर आमचे भिंग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असते, आणि डबा अम्मींच्या कपाटात.

आणि रांगेतले मूल दुर्बिणीपासून बाजूला झाले की त्याला ‘काय दिसलं?’ असे विचारा. ते ‘काहीच नाही’ म्हणाले तर त्याच्या पाठीवर हात ठेवा, दुर्बीण पुन्हा नेमकी लावा, आणि त्याला पुन्हा बोलवा.